पायवाटेच्या फरश्या : मुलांच्या हातची भेट

नातेवाइकांस द्यावयाची भेट दुकानांतूनच आणावी लागते, अशी आपली समजूत झाली आहे. आज ज्या भेटीविषयीं बोलावयाचें आहे ती घमेल्यांत कालवून घरींच करतां येते. दारापासून तुळशीपर्यंत पाय ठेवण्यासाठीं सुट्या फरश्या मांडतात. त्या मुलांकडून घडवून घेऊन आजीआजोबांस द्याव्या, एवढीच ही कल्पना.

जालना जिल्ह्यांतील शहागड घ्या. हें गांव गोदावरीच्या कांठीं, पैठणच्या खालच्या अंगास आहे. या भागांतील काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि श्रावणांत चालणाऱ्याच्या पायांना शेरशेर चिकटते. अशा अंगणांत म्हाताऱ्या माणसाला चार घट्ट फरश्या म्हणजे नुसती शोभा नव्हे, आधार होय. शोभेचें साहित्य तर नदीच देते. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील पोकळ्यांत अकीक आणि गारगोटी तयार होते. खडक झिजला म्हणजे ती सुटून नदीच्या गोट्यांत येते. गोदावरीच्या खोऱ्यांतील अश्मयुगीन माणसानें आपलीं हत्यारें याच जातीच्या दगडांचीं केलीं. नेवाशास तीं सांपडलीं आहेत. हें सांगितलें म्हणजे खडे वेंचतांना मुलांची नजर बदलते. वाळू मात्र बाजारांतून घ्यावी. नदीचें पात्र आधींच पुष्कळ उपसलें गेलें आहे.

नदी जवळ नसेल त्यांनीं फुटक्या कपबश्या आणि बांगड्या जपून ठेवाव्या. चंदीगड येथें नेकचंद यांनीं असल्याच टाकाऊ जिनसांतून उभारलेली बाग १९७६ सालीं लोकांस खुली झाली. तुकड्यांच्या धारा मात्र मोठ्यांनीं खरबरीत दगडावर घासून काढाव्या, आणि सबंध फरशी काचेनें मढवूं नये. ओली काच निसरडी असते.

साच्यास जुनी पसरट परात चालेल. तिला आंतून तेल चोळावें. एक भाग सिमेंट व तीन भाग वाळू कोरडीच मिसळून मग बेताचें पाणी घालावें. मिश्रण शिऱ्याइतकें घट्ट असावें. बारा इंच रुंद व दोन इंच जाड फरशीचें वजन सुमारें आठ किलो भरतें, तेव्हां ती उचलण्याचें काम मुलांस सांगूं नये. वरचें पाणी जिरलें कीं खडे अर्ध्याहून अधिक आंत जातील असे दाबावे. ठिपक्यांची रांगोळी ज्या मुलीस येते तिला नक्षी शिकवावी लागत नाहीं. पिंपळाचें पान शिरांची बाजू खालीं करून दाबलें व दुसऱ्या दिवशीं सोलून काढलें, तर फार सुरेख ठसा उमटतो.

येथें एक गोष्ट निक्षून सांगतों. ओल्या सिमेंटांत मुलाचा उघडा पंजा उमटवून घेण्याची हौस पुष्कळांस असते. ती करूं नये. ओलें सिमेंट दाहक असतें, आणि कातडी भाजत असतांना वेदना लगेच जाणवतेच असें नाहीं. प्लास्टर ऑफ पॅरिसही निर्धोक नव्हे. तें घट्ट होतांना तापतें. इंग्लंडांत २००७ सालीं शाळेच्या कलेच्या तासाला त्यांत हात रोवून बसलेल्या एका मुलीला आपलीं बहुतेक बोटें गमवावीं लागलीं. तेव्हां रबरी हातमोजे घालावे, कोरडें सिमेंट मोठ्यांनीं मिसळावें, आणि पंजाच हवा असेल तर त्याची कागदी आकृती कापून तिच्या कडेनें खडे बसवावे.

मुलांना खरें अवघड जातें तें यापुढचें. फरशी दुसऱ्या दिवशीं कठीण दिसते, पण ती पक्की झालेली नसते. सात दिवस ओलें गोणपाट तिच्यावर असलें पाहिजे. हें पाणी घालण्याचें काम मुलांकडेच द्यावें आणि आपण आठवणही करूं नये, असें माझें मत आहे. पूर्ण बळ येण्यास अठ्ठावीस दिवस धरतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टींत केलेली फरशी संक्रांतीस द्यावी.

मांडतांना काळी माती चारपांच इंच खणून काढावी, मुरूम घालून ठोकावा, वर वाळूचा थर द्यावा; नाहींतर पहिल्याच पावसांत फरशी डुगडुगते. दोन फरश्यांतील अंतर पुस्तकांतून घेऊं नये. आजीला अंगणांतून चालावयास सांगावें, आणि तिचें पाऊल जेथें पडेल तेथें मुलानें खुंटी ठोकावी.