बडोद्याचं बालविकासाचं विद्यापीठ

गृहविज्ञान म्हटलं की स्वयंपाक, शिवणकाम आणि घराची टापटीप एवढंच अजूनही अनेकांच्या मनात येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने हा समज केव्हाच खोटा ठरवला आहे. मूल, किशोरवय आणि कुटुंब यांचा शास्त्रीय अभ्यास आपल्या देशात ज्या मोजक्या ठिकाणी रुजला, त्यांत तिथल्या मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभागाचा मान मोठा आहे.

त्यासाठी जमीन आधीच तयार होती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या आणि पुढे बडोदा संस्थानाचे महाराज झालेल्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. त्यांच्या नावाचं विद्यापीठ १९४९ मध्ये उभं राहिलं आणि हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांचा जाहीरनामा केवळ पुरुषांच्या भाषेत लिहिला जाऊ नये म्हणून संयुक्त राष्ट्रसंघात आग्रह धरणाऱ्या याच त्या बाई. विद्यापीठ उभं राहिल्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञान शाखा सुरू झाली.

याच शाखेतल्या मानव विकास विभागाशी जोडलेली 'चेतन बालवाडी' ही इथली खरी प्रयोगशाळा. बालविकास शिकणाऱ्याला सगळ्यात आधी बघायला शिकावं लागतं. 'मुलगा हट्टी आहे' असं वहीत लिहून चालत नाही. त्याने कोणाच्या हातातून काय ओढलं, ते मिळालं नाही तेव्हा तो कुणाकडे गेला, किती वेळ रडला, कशाने शांत झाला, हे लिहायचं. मत नंतर. ही शिस्त दिसते सोपी, पण मुलांबद्दल आपण मोठी माणसं घरात किती झटपट निकाल देतो ते आठवलं की तिची किंमत कळते.

याच विभागात अनेक वर्षं शिकवलेल्या प्रा. टी. एस. सरस्वती यांनी १९९९ मध्ये एक मूलभूत प्रश्न विचारला: भारतात किशोरावस्था खरोखर असते का? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉल यांनी १९०४ मध्ये या वयाचं वर्णन वादळी काळ म्हणून केलं आणि तेच जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं. सरस्वतींचं म्हणणं असं की, लहानपण आणि मोठेपण यांत जितकं सातत्य, तितकी मधली वेगळी अवस्था पुसट. सुखवस्तू घरातल्या, पुढे शिकत राहणाऱ्या मुलाला ती मिळते. पण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरणारी, लवकर लग्न होणारी गरीब घरातली मुलगी? ती बालपणातून थेट बाईपणात जाते. म्हणजे किशोरवय केवळ शरीरातल्या बदलांनी ठरत नाही. वर्ग, लिंग आणि शाळेत किती वर्षं राहता आलं यांवरही ते ठरतं.

मला हे या परंपरेचं सर्वांत मोलाचं देणं वाटतं. परदेशी सिद्धान्त नाकारायचा नाही, पण आजी, काकू, आत्या मिळून मूल वाढवणाऱ्या घरात तो तपासल्याशिवाय स्वीकारायचाही नाही. आता शाळेत राहणाऱ्या मुलींची संख्या वाढली आहे, लग्नाचं वय पुढे गेलं आहे, घरं लहान झाली आहेत. सरस्वतींचा तो प्रश्न आज पुन्हा नव्याने विचारायला हवा.

त्यासाठी माणसं लागतील. तुमच्या घरातल्या मुलीला, आणि मुलालाही, बारावीनंतर हा विषय शिकावासा वाटला, तर विषयाला दुय्यम समजून त्यांना अडवू नका.