जुनी सायकल पुन्हा रस्त्यावर – भाग ५ : दाते, आटे आणि कॉटर

गेल्या आठवड्यात फ्रेम झाली. आता क्रँक, चेन आणि फ्रीव्हील. जुन्या धाटणीची सायकल उभी करताना सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात, कारण माणसं चकाकी बघून माल घेतात आणि घरी आल्यावर तो बसत नाही.

आधी मापांचं मूळ समजून घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हा सायकली विलायतेहूनच येत. पुढे आपल्याकडे कारखाने निघाले तरी मापं इंचांतलीच राहिली. म्हणून जुन्या काळ्या सायकलीत बीबी कपाचे (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या कपाचे) आटे बहुधा इंचाला २४ असतात, आणि चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेने जोर लावून ‘सोडवायला’ गेलात तर आणखी घट्ट बसतो. जुनी विलायती रॅले असेल तर सावध राहा, तिचे आटे इंचाला २६. नवा कप दोन-तीन फेरे जाईल, मग अडेल. तिथे पान्ह्याला पाइप लावून जोर करणारा मिस्त्री दिसला तर सायकल उचलून घरी आणावी. त्या फ्रेममधला मूळ कप चांगला असेल तर तोच ठेवा, फक्त छर्रे बदला.

कॉटर, म्हणजे क्रँक आसावर घट्ट धरून ठेवणारी पाचर, हा खरा परीक्षेचा भाग. विलायती कॉटर साडेनऊ मिलिमीटरचा. पण जाडी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. त्याच्या सपाट बाजूचा उतार दोन्हीकडे सारखा नसेल तर पेडल एका रेषेत येत नाहीत, आणि पाय मारताना दर फेऱ्याला हिसका बसतो. कॉटर शिशाच्या पेन्सिलीने काळा करून बसवा आणि काढून बघा: जिथे घासला असेल तिथेच कानस फिरवा. दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसतात. ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू हवाच, नाहीतर हातोडीचा सगळा मार छऱ्यांवर जातो. नट आवळून कॉटर ओढून घेऊ नका, आटे जातात. आधी ठोका, मग नट.

चेन अर्धा इंच पिचची. जुनी वापरायची असेल तर फूटपट्टी लावा: बारा इंचांच्या खुणेवर पिन यायला हवी. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन टाकून द्या आणि फ्रीव्हीलचे दातेही तपासा. गिअरच्या सायकलीची अरुंद चेन जुन्या जाड दात्यांवर बसत नाही.

आता रस्ता. पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांवर २८ इंची चाक पेडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर जातं. सांगली-मिरजेच्या सपाटीवर मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी वीसच्या आसपास वेग, छान. हीच सायकल साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटाला लावली आणि ताशी ८ ने चढायचं म्हटलं, तर मिनिटाला जेमतेम २४ फेरे पडतात. गुडघ्यांची कटकट तिथेच सुरू होते.

अशा वेळी मागची फ्रेम फाकवून आठ-नऊ गिअरचा संच कोंबण्याची हौस अनेकांना असते. मला ती पटत नाही. दुरुस्ती कमी आणि बिघाड जास्त. १८ च्या जागी २२ दात्यांचं फ्रीव्हील लावा, फेऱ्याला साडेचार मीटर होतात. तेवढ्याने भागत नसेल तर स्टर्मी-आर्चरचं तीन स्पीडचं ए.डब्ल्यू. हब शोधा. १९३६ पासूनची ही रचना. सगळे गिअर हबच्या पोटात, आणि खालचा गिअर सरळ गिअरच्या पाऊणपट. चेन तीच जाड चालते.

२२ चं फ्रीव्हील लावल्यावर चेन सुमारे एक इंच जास्त लागते. मागचं चाक अर्धा इंच पुढे सरकवता येत असेल तर जुनीच पुरेल. मात्र पूर्ण चेनकव्हर असेल तर मागच्या टोकाला चेन घासते का, हे चाक हाताने फिरवून आधी ऐकून घ्या. पहिली चक्कर गावातच मारा, दोन्ही कॉटर पुन्हा ठोकून नट आवळा, आणि मग यवतेश्वरकडे वळा. ब्रेकच्या सळ्या पुढच्या आठवड्यात.