मबाम्बाची दलदल आणि शूबिल पक्षी

पूर्व आफ्रिकेतील युगांडा हा देश व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर काठाशी वसलेला आहे. तेथील एन्टेबे शहराच्या पश्चिमेस, सरोवराच्या जमिनीत शिरलेल्या एका फाट्यात मबाम्बा नावाची दलदल पसरलेली आहे. तिचे क्षेत्र सुमारे २,४०० हेक्टर असून २००६ साली तिची नोंद रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये झाली. जगाच्या निरनिराळ्या भागांतून पक्षिनिरीक्षक येथे येतात, ते मुख्यत्वे एकाच पक्ष्याच्या शोधात. तो पक्षी म्हणजे शूबिल.

पक्ष्याची ओळख

शूबिल या नावाचा अर्थ बुटासारख्या चोचीचा, असा आहे. अरबी भाषेतही त्याला जोड्यावरूनच नाव मिळाले आहे. राखाडी रंगाचा हा पक्षी सुमारे चार फूट उंच असतो. त्याची रुंद, फुगीर चोच टोकाशी आकड्यासारखी वळलेली असते. पूर्वी त्याची गणना करकोच्यांमध्ये होत असे. आता मात्र शास्त्रज्ञ त्याला पाणकोळ्यांचा जवळचा नातलग मानतात.

दक्षिण सुदानपासून झांबियापर्यंतच्या मोजक्या दलदलींत त्याचे वास्तव्य आहे. जगात या जातीचे सुमारे पाच ते आठ हजार पक्षी असावेत, असा अंदाज आहे. मादी बहुधा दोन अंडी घालते. परंतु सामान्यतः एकच पिल्लू मोठे होते. त्यामुळे एक पक्षी मारला गेला किंवा प्राणिसंग्रहासाठी पकडला गेला, तर ती हानी लवकर भरून निघत नाही. दलदलीचा निचरा करून केलेली शेती, गवत जाळणे आणि गुरांचा वावर यांमुळे त्याच्या निवाऱ्याची जागाही कमी होत जाते.

शोधाची रीत

मबाम्बात शूबिलचा शोध पहाटे सुरू होतो. दोघे-तिघे पर्यटक आणि एक स्थानिक मार्गदर्शक लहान लाकडी नावेत बसतात. दोन्ही बाजूंस पपायरसची दाट वाढ असते. ही वनस्पती आपल्याकडील लव्हाळ्याच्याच कुळातील. पण माणसाच्या उंचीहून कितीतरी उंच वाढणारी. तिच्यामधील अरुंद पाणवाटांतून नाव वल्ह्याने किंवा काठीने रेटत न्यावी लागते.

मार्गदर्शक आधी पक्षी शोधत नाही. पक्ष्याचे अन्न कोठे असेल, ते शोधतो. शूबिलचे आवडते भक्ष्य म्हणजे फुप्फुसमासा. या माशाला केवळ पाण्यातील प्राणवायू पुरत नाही. श्वासासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. उथळ, वनस्पतींनी भरलेल्या डबक्याच्या काठी शूबिल नेमकी हीच वेळ साधण्यासाठी दीर्घकाळ निश्चल उभा राहतो. मासा वर येताच तो संपूर्ण शरीर पुढे झोकून चोचीने त्याला पकडतो आणि तोंडात आलेले गवत बाजूला टाकून भक्ष्य गिळतो. कोणत्या डबक्यात मासे आहेत, कोणती पाणवाट खुली आहे, हे दलदलीत वाढलेल्या माणसालाच ठाऊक असते. पक्षी दिसल्यावर नाव दूरच थांबवावी लागते. फार जवळ गेल्यास तो शिकार सोडून उडून जातो.

अपशकुनाकडून उत्पन्नाकडे

एकेकाळी येथील कोळ्यांना शूबिल दिसणे अशुभ वाटे. तो दिसला की त्या दिवशी जाळ्यात मासे येत नाहीत, अशी समजूत होती आणि तिच्यापायी पक्षी मारलेही जात. या समजुतीमागे एक व्यावहारिक स्पर्धाही होती. ज्या फुप्फुसमाशावर पक्षी जगतो, तोच मासा कोळ्यांच्याही उपयोगाचा होता.

पर्यटक येऊ लागल्यावर हे नाते बदलले. नावेचे भाडे आणि मार्गदर्शनाचा मोबदला काठावरील गावांत येऊ लागला. पूर्वी मासेमारी करणारे काही जण मार्गदर्शक झाले. पाणवाटांचे त्यांचे ज्ञान जुनेच होते; त्याला नवे मोल आले. जिवंत पक्षी हा कुटुंबाच्या उत्पन्नाचा भाग झाला, तेव्हा त्याला मारण्याचे कारण उरले नाही.

तथापि, या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. उत्पन्न नावाड्यांपुरतेच राहिले, तर पपायरस तोडून चटया विणणाऱ्यास किंवा काठावर शेती करणाऱ्यास दलदल राखण्यात हित दिसणार नाही. नावांची गर्दी झाली, तर ज्याच्यासाठी पर्यटक येतात तो पक्षीच त्रस्त होईल. म्हणून लाभाची वाटणी आणि नावांवरील नियंत्रण हे दोन्ही प्रश्न पक्षिरक्षणाचेच प्रश्न ठरतात.

महाराष्ट्रासाठी बोध

शूबिल भारतात आढळत नाही. मात्र मबाम्बाला लागू असलेला रामसर करार आपल्याकडेही लागू आहे. हा करार १९७१ साली इराणमधील रामसर येथे झाला व १९८२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर ही २०१९ साली महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ ठरली. त्यानंतर लोणार सरोवर आणि ठाणे खाडी यांचाही त्या यादीत समावेश झाला. नांदूर मधमेश्वर येथेही स्थानिक तरुण पक्षिदर्शनासाठी मार्गदर्शक म्हणून काम करतात.

गावोगावच्या पाणथळ जागा बहुधा पडीक म्हणून गणल्या जातात. वस्तुतः त्या पुराचे पाणी सामावून घेतात, गाळ अडवतात, माशांना वाढू देतात आणि गुरांना चारा पुरवतात. अशा जागेवर भराव घालण्याचा विचार पुढे आला, तर ग्रामपंचायतीने प्रथम तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे, याची नोंद करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तेथील पक्ष्यांची ऋतुवार यादी करून घ्यावी. मासेमाराला आणि गुराख्याला त्या जागेची जी माहिती असते, तीही या नोंदीत यावी. मबाम्बातील शूबिलचे रक्षण शक्य झाले, त्याचा पाया अशाच माहितीवर उभा आहे.