सोनेरी कार्ड, पहाटेचं विमान

२०२४च्या ऑक्टोबरात एसएएस या स्कँडिनेव्हियातल्या विमान कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकांपुढे एक अजब पैज ठेवली. वर्ष संपायच्या आत स्कायटीम या गटातल्या पंधरा वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांतून प्रवास करा आणि आमच्या युरोबोनस खात्यात दहा लाख पॉइंट मिळवा. त्याहून कमी कंपन्या झाल्या तर बक्षीसही कमी. एसएएस जेमतेम महिनाभरापूर्वी स्टार अलायन्स हा दुसरा गट सोडून स्कायटीममध्ये आली होती आणि नव्या सोयरिकीची जाहिरात तिला हवी होती. लोक खरोखरच निघाले. केनियाची, रुमेनियाची, व्हिएतनामची, इंडोनेशियाची विमानं पकडत शेकडो जणांनी ती पैज पुरी केली. एका कंपनीशी असलेली निष्ठा सिद्ध करायला पंधरा गावचं पाणी प्यायचं, असा तो मामला होता.

सतत विमानप्रवास करणाऱ्या माणसापुढचा नेहमीचा पेच त्या पैजेनं एका फटक्यात उघडा पाडला. एकच कंपनी धरून ठेवायची, तिचं चंदेरी-सोनेरी कार्ड मिळवायचं आणि ते टिकवायचं. की ज्या दिवशी जी सोयीची आणि स्वस्त, तिचं तिकीट काढायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. पॉइंट साठवायचे तर एकाच खात्यात साठवावेत, पण विमान मात्र वेळ पाहून निवडावं. शेपटीवरचं चिन्ह पाहून निवडू नये. निदान भारतात तरी नाहीच.

हा खेळ सुरू झाला अमेरिकेत. १९७८ साली तिथल्या सरकारनं विमानभाड्यांवरचं आणि मार्गांवरचं नियंत्रण काढून टाकलं. कुणीही कुठेही उडावं, हवं ते भाडं लावावं. नव्या स्वस्त कंपन्या आल्या आणि जुन्यांना पहिल्यांदाच गिऱ्हाईक टिकवण्याची चिंता पडली. अमेरिकन एअरलाइन्सकडे सेबर नावाची संगणकीय आरक्षण यंत्रणा होती. कोण वारंवार प्रवास करतो ते त्यात शोधता येत होतं. १ मे १९८१ रोजी तिनं अॅडव्हान्टेज ही योजना आणली: जितके मैल उडाल तितके मैल खात्यात. युनायटेडनं काही दिवसांतच आपली योजना जाहीर केली, मग बाकीच्या धावल्या.

योजनेतली खरी हुशारी वेगळीच होती. सारखा उडणारा माणूस बहुतेक वेळा नोकरीच्या कामाने उडतो. तिकिटाचे पैसे देते त्याची कचेरी, मैल मात्र जमा होतात त्याच्या खात्यात. दोन हजार रुपये महाग असलेलं तिकीट काढताना त्याचा हात का आखडेल? कचेरीचे दोन हजार गेले, पण दिवाळीत बायकामुलांना घेऊन केरळला जायची सोय झाली. सभ्य भाषेत याला निष्ठा म्हणतात. जर्मनीत २००२ साली यावरून मोठी राळ उडाली. सरकारी कामाच्या प्रवासातले मैल खासगी प्रवासाला वापरले म्हणून केम ओझ्देमिर आणि ग्रेगोर गिझी या नेत्यांना आपली पदं सोडावी लागली. आपल्याकडेही केंद्र सरकारचा नियम आहे, की सरकारी तिकिटावर जमलेले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे. खासगी कंपन्यांत मात्र या विषयावर सहसा कुणी तोंड उघडत नाही, कारण विचारणाऱ्या साहेबाचंही खातं असतंच.

पुढे मैल हा विमानापेक्षा मोठा धंदा होऊन बसला. क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँका विमान कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात आणि आपल्या गिऱ्हाइकांना वाटतात. तुम्ही किराणा भरता, पेट्रोल भरता, मुलाची फी भरता. मैल जमत राहतात आणि कंपनीला बँकेकडून रोख पैसा मिळत राहतो. विमान उडो न उडो. २०२०च्या साथीत हे लख्ख दिसलं. विमानं धावपट्टीच्या कडेला उभी होती, तेव्हा युनायटेडनं आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून सुमारे ६८० कोटी डॉलर उभे केले. डेल्टानं आपल्या स्कायमाइल्सवर ९०० कोटी डॉलर उभे केले. सावकारांना विमानांपेक्षा पॉइंटांची वही जास्त भरवशाची वाटली.

आणि इथंच प्रवाशानं सावध व्हावं. पॉइंट ही अशी भिशी आहे, जिच्यात पैसे तुम्ही भरता पण हप्त्याची किंमत चालक हवी तेव्हा बदलतो. डेल्टानं २०१५ साली मैलांचं नातं अंतराशी तोडून तिकिटाच्या किमतीशी जोडलं. युनायटेड आणि अमेरिकन त्याच वाटेनं गेल्या. एअर इंडियानंही २०२४ साली आपली योजना खर्चावर आधारली. किती लांब उडालात याला आता फारसं मोल नाही, किती पैसे मोजलेत याला आहे. चार महिने आधी स्वस्त तिकीट काढून ठेवणाऱ्या हिशेबी माणसाला, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, हा बदल महागात पडतो.

एका पॉइंटची किंमत काढायला गणिताचा मास्तर लागत नाही. उदाहरणापुरते आकडे घेऊ. मुंबई–दिल्ली तिकीट रोखीनं साडेसहा हजारांना आहे. पॉइंटवर काढलं तर आठ हजार पॉइंट आणि वर कर, शुल्क वगैरे दीड हजार रोख. म्हणजे आठ हजार पॉइंटांनी वाचवले पाच हजार रुपये. एका पॉइंटचे साडेबासष्ट पैसे. हा भाव लक्षात ठेवायचा. मग त्याच पॉइंटांत मिक्सर किंवा ट्रॉली बॅग घ्यायची जाहिरात आली की वस्तूची बाजारातली किंमत भागून पाहायची. बहुतेक वेळा भाव निम्म्याहून खाली येतो. शिवाय मुदत असते. साठवून साठवून निवृत्तीनंतर वापरू म्हणणाऱ्यांनी ही मुदत एकदा नीट वाचावी. पॉइंट ही मुदत ठेव नव्हे, त्यावर व्याज चढत नाही, उलट ते झिजतात.

भारतात यात आणखी एक धोका आहे: कंपनीच नाहीशी होण्याचा. किंगफिशर २००५ साली आली, लाल गालिचे घालून. २०१२च्या ऑक्टोबरात तिची विमानं थांबली आणि किंग क्लबचे पॉइंट हवेत विरले. गो फर्स्टनं ३ मे २०२३पासून उड्डाणं थांबवली, ती कायमची. विस्तारा २०१५च्या जानेवारीत सुरू झाली, तिच्या प्रवाशांचा तिच्यावर खरा जीव होता. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती एअर इंडियात विलीन झाली. तिथले पॉइंट निदान एअर इंडियाच्या नव्या महाराजा क्लबात वळते झाले.

जेट एअरवेजची गोष्ट यात सर्वांत शिकण्यासारखी. १९९३ साली सुरू झालेल्या जेटनं भारतीय प्रवाशाला कार्डाची चटक लावली. जेटप्रिव्हिलेजचं प्लॅटिनम कार्ड असलेला माणूस ते बॅगेला असं लटकवायचा की मागच्या रांगेतल्यालाही दिसावं. त्या योजनेची पुढे वेगळी कंपनी काढण्यात आली आणि तिच्यात अबूधाबीच्या एतिहादनं निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा घेतला. १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे जेटचं शेवटचं. कंपनी बुडाली, पण वेगळ्या पेटीत असल्यामुळे पॉइंट वाचले, इंटरमाइल्स या नव्या नावानं. म्हणजे बँकेसारखी वापरायची वस्तू तरली. मात्र प्लॅटिनम दर्जाचं काय? जे विमानच उडत नाही त्यात आधी चढायचा मान घेऊन करणार काय?

उलट टोकाचं उदाहरण इंडिगोचं. ४ ऑगस्ट २००६ला सुरू झालेल्या या कंपनीनं तब्बल अठरा वर्षं पॉइंटांची योजनाच काढली नाही. वेळेवर निघू, भाडं माफक ठेवू, फेऱ्या भरपूर ठेवू. एवढ्या भांडवलावर तिनं देशातल्या प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त आपल्याकडे ओढले. इंडिगो ब्लूचिप ही योजना आली २०२४ साली, वरच्या वर्गाच्या आसनांच्या घोषणेसोबत. गिऱ्हाइकाला खरं काय हवं असतं याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

मग कार्डात काहीच अर्थ नाही? आहे, पण तो सगळं सुरळीत चाललेलं असताना दिसत नाही. लाउंजचं म्हणाल तर तिथं आता क्रेडिट कार्डवाल्यांची रांग दाराबाहेर येते. बँकांनीही त्यासाठी अमुक इतका खर्च केलेला असावा अशा अटी घालायला सुरुवात केली आहे. आधी विमानात चढण्याचा मान मिळाला तरी पोचायचं सगळ्यांनी एकाच वेळी असतं. कार्डाची किंमत कळते ती डिसेंबरातल्या दिल्लीच्या धुक्यात. एकदा मी अशाच रद्द झालेल्या विमानाचा प्रवासी होतो. खिडकीपुढे दीडशे माणसं, आत दोन मुली, त्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्यांखेरीज देण्यासारखं काही नाही. बाजूच्या खिडकीवर वरच्या दर्जाचे कार्डवाले चार-पाच जण. त्यांतल्या एका गृहस्थांचा बोर्डिंग पास पुढच्या विमानाचा छापून आला, तेव्हा आमच्या रांगेतून एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, “जावईबापूंची सोय झाली!” पुढच्या विमानातल्या मोजक्या रिकाम्या जागा आधी कुणाला द्यायच्या, हे ठरवायला कंपनी दर्जा बघते. महिन्यातून चार-पाच वेळा एकाच मार्गावर, एकाच कंपनीच्या विमानानं ज्यांना जावंच लागतं, त्यांनी कार्ड जरूर टिकवावं. पण ते टिकवायला वर्षअखेरीस उगाच हैदराबादला जाऊन यायचं आणि विमानतळावर चहा पिऊन परत फिरायचं, हे माझ्या हिशेबात बसत नाही.

आणि हेही लक्षात असू द्यावं, की नियमानं मिळणारं संरक्षण कार्डाविना असतं. जास्त तिकिटं विकल्यामुळे जागा नाकारली आणि चोवीस तासांच्या आत पर्यायी विमान दिलं, तर डीजीसीए या सरकारी हवाई नियामकाच्या नियमानुसार एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये भरपाई आहे. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. पर्यायी विमान तासाभराच्या आत दिलं तर काही नाही. धुकं, वादळ अशा कारणांना भरपाई लागू नाही. खिडकीपुढे हुज्जत घालण्याआधी हे पाठ असलेलं बरं.

परदेश प्रवासात चित्र पालटतं. न्यू जर्सीला किंवा सॅन होजेला मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघालेल्या आईवडिलांची निष्ठा कंपनीशी नसतेच, ती वाटेतल्या विमानतळाशी असते. “दुबईचं आपल्याला माहीत आहे” हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. व्हीलचेअर मिळते का, बॅगा किती नेता येतात, हिंदी बोलणारं कुणी भेटतं का, हे त्यांचे प्रश्न पॉइंटांपेक्षा शहाणपणाचे आहेत. तरुणांसाठी मात्र गटाचं गणित उपयोगी पडतं. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे. लुफ्तान्झा किंवा सिंगापूर एअरलाइन्सनं जाऊनही पॉइंट भारतातल्या खात्यात टाकता येतात. नवी कंपनी अनुभवायची आणि खातं एकच ठेवायचं, ही दोन्ही सुखं इथं एकत्र मिळतात. फक्त तिकीट काढताना भाड्याचा वर्ग तपासायचा, कारण सर्वांत स्वस्त वर्गात कित्येकदा भोपळा पदरी पडतो. तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि प्रत्यक्ष विमान दुसरीचं, हेही नित्याचं आहे. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

नव्या कंपनीचा अनुभव घ्यावा तो तिच्या फेऱ्या मोजून. आसनांचा रंग आणि कर्मचाऱ्यांचे गणवेश नवेपणी नेहमीच छान असतात. पण दिवसात एकच फेरी असेल आणि ती रद्द झाली, तर पुढचं विमान उद्या. म्हणून परतीच्या प्रवासाला, सुट्टीवर जाताना नवी कंपनी वापरून पाहावी. सकाळी दहाला दिल्लीत बैठक असेल तेव्हा नको.

अर्थात भरपूर फेऱ्यांचाही दगा होऊ शकतो. २०२५च्या डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ तारखेला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. बाकीच्या कंपन्यांची भाडी इतकी भडकली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, दीड हजार किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये. बाजाराचा साठ टक्के भाग एकाच कंपनीकडे असला की तुमच्या खिशात कुणाचं कार्ड आहे याला अर्थ उरत नाही. तुम्ही ज्याला निष्ठा म्हणता ती पुष्कळ मार्गांवर निव्वळ नाइलाज असते.

त्याच महिन्यात, २५ तारखेला, नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आणि आपल्याकडच्या प्रवाशाच्या हिशेबात एक नवी ओळ वाढली. पनवेलकराला सांताक्रूझच्या विमानतळावरची सोनेरी कार्डाची खिडकी गाठायला वाशीचा खाडीपूल ओलांडावा लागतो. घराजवळच्या विमानतळावरून त्याच्या कंपनीची योग्य वेळेची फेरी नसेल, तर तो टॅक्सीचं भाडं मोजेल की पॉइंट? सोलापूरच्या माणसापुढे तर हा प्रश्नच नाही. २०२५च्या जूनपासून त्याला गोव्याला नेणारी फ्लाय९१ ही गोव्यातली छोटी कंपनी पंख्याच्या एटीआर विमानांवर चालते. तिथं पाहायचं ते एवढंच, की आज विमान आहे का आणि परतीचं कोणत्या वारी.