इंजिन तापते, हीटर मात्र गार!

कसारा किंवा खंबाटकी घाटातून एस.टी.ने जाताना तुम्ही हे दृश्य पाहिले असेल. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा आहे, बॉनेट वर केलेले आहे, वाफेचे लोट येत आहेत आणि क्लीनर पाण्याचा डबा घेऊन धावतो आहे. ‘गाडी गरम झाली’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. आज जरा थांबू या आणि गाडीचे दुखणे ओळखू या. त्यासाठी शाळेतला उष्णतेचा धडा पुरेसा आहे.

कोडे असे आहे. हीटर बसवलेला एक जुना डिझेल ट्रक मनालीहून लेहकडे चालला आहे. चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून चालक हीटर लावतो, तर आत येतो गार वारा! इंजिन एवढे तापले असताना हीटर गार कसा?

प्रथम हिशेब पाहू. डिझेल जळून जी ऊर्जा मिळते तिचा साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामी येतो. बराच भाग धुरावाटे जातो आणि सुमारे पाव भाग इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळतो. समजा, चढावर पाण्याला दर सेकंदाला ५० किलोज्यूल उष्णता मिळते आणि पाणी आहे २० लिटर. एक लिटर पाणी १ अंशाने तापवण्यास ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे २० लिटरला ८४. भागाकार करा. रेडिएटरने काम थांबवले, तर पाणी दर सेकंदाला सुमारे ०.६ अंशाने तापेल. लोखंडही काही उष्णता शोषते हे खरे, तरी मिनिट-दोन मिनिटांत पाणी उकळू लागेल!

म्हणून पंप हे पाणी सतत फिरवतो. ते इंजिनातून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाते, तेथे वाऱ्याला उष्णता देते आणि परत येते. हीटर म्हणजे विजेची शेगडी नव्हे. तो एक छोटा रेडिएटरच आहे. इंजिनातले गरम पाणी त्याच्यातून वाहते आणि छोटा पंखा त्यावरून हवा आत फुंकतो.

आता कोडे सुटते. पाणीच कमी झाले असेल, तर हीटरच्या नळीत हवा अडकते, गरम पाणी तेथवर पोचत नाही आणि तो गार राहतो. इंजिन तापण्याचे कारणही तेच. तक्रारी दोन, पण बहुधा रोग एकच! पाणी पुरेसे असेल, तर पंप ते फिरवतो आहे की नाही हे पाहावे.

येथे एक धोका लक्षात ठेवा. काट्याला खबर देणारा संवेदक पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी फारच उतरले आणि तो उघडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नये.

इतर लक्षणेही अशीच वाचता येतात. सपाटीवर ठीक, पण चढावर हळू चालताना तापते? वारा कमी पडतो आहे. पंख्याचा पट्टा सैल आहे का आणि रेडिएटरच्या जाळीत चिखल आहे का, ते पाहा. इंजिन तापले, हीटर गरम, पण रेडिएटर गार? मग थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा. याउलट काटा वर चढतच नाही आणि हीटर कोमट? तर थर्मोस्टॅट उघडाच राहिला आहे किंवा कोणी काढून टाकला आहे.

थर्मोस्टॅट ही मेणाने चालणारी झडप आहे. पाणी सुमारे ८० अंशांवर आले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरची वाट उघडते. ‘आपल्या उष्ण देशात हा कशाला?’ असे म्हणून काही मिस्त्री तो काढून टाकतात. परंतु इंजिन फार गार राहिले, तर डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते. जुना थर्मोस्टॅट मिळाल्यास शिक्षकांच्या मदतीने पातेल्यातील पाण्यात टांगा, तापमापी ठेवा आणि पाणी तापवा. झडप कोणत्या तापमानाला उघडते याची नोंद करा. मी आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दरवर्षी करतो. झडप हलली की मागच्या बाकावरची मुलेही पुढे येतात.

आता रेडिएटरच्या झाकणाकडे वळू. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. पण झाकणाने अर्धा वातावरण जादा दाब राखला, तर उत्कलनबिंदू १०० अंशांच्या पुढे जातो. झाकणाचे रबर झिजले, तर हा फायदा नाहीसा होतो आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. छोट्याशा रबरापायी मोठे इंजिन गमवावे लागते, ते असे.

प्रेशर कुकरचेही हेच तत्त्व. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका! दाब जाताच आतले पाणी एकदम उकळून चेहऱ्यावर, हातांवर उडते. तसेच तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पुरते निवू द्या.

पुढच्या वेळी घाटात असा ट्रक दिसला, तर मनाशी तीन प्रश्न विचारा: उष्णता कोठे निर्माण झाली, तिला कोण वाहून नेत होते आणि ती कोठे अडली? तिसऱ्याचे उत्तर सापडले की बिघाडही सापडतो.