काला अंबवरची ‘गांधीलमाशी’

पानिपत शहराबाहेर शेतांच्या सोबतीने उभे असलेले काला अंब मराठी माणसाला ठाऊक असते ते विटांच्या स्मारकस्तंभामुळे. सांडलेल्या रक्ताने ज्याची पाने काळवंडली असे लोक सांगतात, तो आंबा आता नाही. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे येतात, माथा टेकतात आणि मग गोष्टी निघतात त्या भाऊसाहेबांच्या, विश्वासरावांच्या, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या. ‘जंबुरक’ हे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

फारसीत जंबुर म्हणजे गांधीलमाशी. बंदुकीहून जाड नळीची, मोठ्या तोंडाची, पण तोफेहून पुष्कळ लहान अशी ही नळी उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटीवर बसवत. आपल्याकडे तिला सुतरनाळही म्हणत. उंट गुडघे टेकून बसला की गोलंदाज नेम धरी. बार उडाला की उंट उठून दुसरीकडे! शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ती लढाई पाहिली होती. अब्दालीच्या फौजेत असे दोन हजार उंट आणि प्रत्येकावर दोन माणसे होती, असे तो लिहून गेला आहे.

मग भाऊसाहेबांनी थोर तोफांवर भरवसा ठेवला, हे चुकले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला गारद्यानेच निजामाला जेरीस आणले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुंजपुऱ्याचा किल्ला पडला. समोर तट असेल, शत्रू एका जागी असेल, तर जड तोफ हेच खरे हत्यार. पण ती ओढायला बैल लागतात, आणि पानिपतच्या कोंडीत माणसांबरोबर जनावरेही उपाशी होती. शिवाय एकदा मांडलेली तोफ भर लढाईत वळवणार कोण?

१४ जानेवारी १७६१ ची सकाळ गारद्याची होती. त्याने रोहिल्यांची दाणादाण उडवली. मध्यभागी हुजुरातीनेही अफगाण फळी मागे रेटली. पण घोडदळ पुढे घुसले, की मागच्या तोफांनी मारा करायचा कुणावर? पुढे आपलीच माणसे! दुपार कलली तेव्हा अब्दालीने राखीव फौज सोडली. तिच्याबरोबर जंबुरके थेट गर्दीपर्यंत आली. जवळून, दाटीत, मोठ्या तोंडाच्या नळीचा बार. विश्वासरावांना गोळी लागली ती या धुमश्चक्रीत. नंतरचे सारे महाराष्ट्राला पाठ आहे.

थोर तोफा अब्दालीकडेही होत्या. त्याची ‘जमजमा’ ही प्रचंड तोफ पानिपतावर धडाडली असे सांगतात. काबूलला परतताना मात्र तिच्यासाठी गाडा तयार नव्हता. ती लाहोरला ठेवावी लागली, आणि आजही तिथल्या संग्रहालयासमोर रस्त्यात उभी आहे.