चष्मा न घालणारा मुलगा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका मनोरुग्णालयात 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साडेतीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दाखल झाला होता. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील नैसर्गिक भिंगे काढावी लागली होती. चष्म्यावाचून त्यास नीट दिसणे शक्य नव्हते, आणि चष्मा तर तो डोळ्यांवर ठेवू देत नसे. सहा महिन्यांत तो चष्मा वापरू लागला नाही तर मध्यवर्ती दृष्टी कायमची गमावील, असे नेत्रवैद्यांनी बजावले होते.

वुल्फ, रिझली आणि मीस या तिघा संशोधकांनी या मुलाची हकीकत 1964 साली प्रसिद्ध केली. उपयोजित वर्तन-विश्लेषण शिकू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी ती अवश्य समजून घ्यावी असे आम्हांस वाटते. कारण मुलाजवळ प्रत्यक्ष बसत असे तो कोणी पंडित नव्हे, तर या कामाचा फारसा अनुभव नसलेला एक परिचारक. आज हेच काम ‘वर्तन-टेक्निशियन’ करतो. अमेरिकेत 2014 पासून त्याची रीतसर नोंदणी होते. त्यासाठी 40 तासांचे शिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि पुढेही अनुभवी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते.

त्याचे पहिले काम पाहणे व लिहिणे हे होय. ‘मुलगा हट्टी आहे’ ही नोंद नव्हे, ते आपले मत झाले. ‘चष्मा लावताच चार सेकंदांत काढून फेकला’ ही नोंद. कारण दुसरा कोणी शेजारी बसला असता तर त्यानेही तेच लिहिले असते. किती वेळा, किती वेळ, हे आकड्यांत लिहावे. त्याबरोबरच वर्तनापूर्वी काय घडले आणि मागाहून काय घडले, हेही लिहावे. या दोन रकान्यांतच बहुधा उत्तर दडलेले असते. मूल किंचाळते ते कधी कोणी आपल्याकडे पाहावे म्हणून, कधी हवी ती वस्तू मिळावी म्हणून, कधी नकोशा कामातून सुटका व्हावी म्हणून, तर कधी त्या क्रियेतच त्यास सुख वाटते म्हणून. पाटी पुढे ठेवताच मूल रडते, आई कंटाळून पाटी उचलते, रडे थांबते. आईस वाटते प्रकरण मिटले. मूल मात्र रडण्याचा उपयोग शिकलेले असते. यास ऋण प्रबलन म्हणतात. नवशिके यास हमखास शिक्षा समजतात. शिक्षेने वर्तन कमी होते. येथे तर ते वाढले आहे.

आता पुन्हा त्या मुलाकडे वळू. त्याच्या खोलीत चष्म्याच्या रिकाम्या चौकटी ठेवण्यात आल्या. त्याने चौकट उचलली की गोळीचा किंवा फळाचा लहानसा तुकडा मिळे. मग नुसते उचलणे पुरेसे नसे, ती हाती धरून फिरावे लागे, पुढे डोळ्यांजवळ आणावी लागे. यास वर्तनाला हळूहळू आकार देणे म्हणतात. परंतु कित्येक आठवडे काम रेंगाळले. गोळीची त्या मुलास पुरेशी गोडी नव्हती! बक्षीस कोणते हे देणारा ठरवीत नाही. ज्याने वर्तन वाढते तेच प्रबलन. अखेर त्याच्या न्याहारीचे घास बक्षीस म्हणून देऊ लागले, तेव्हा गाडी पुढे सरकली.

येथे आम्ही थबकतो. भुकेल्या मुलाचा घास राखून त्यास शिकवावे काय? दृष्टी जाण्याचे भय होते हे खरे. तथापि आज असा मार्ग सहजासहजी कोणी मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच दशकात लोवास यांच्यासारख्या संशोधकांनी काही मुलांना थपडा व विजेचे झटकेही दिले होते. स्वमग्न मुले मोठी होऊन स्वतः बोलू लागली, तेव्हा या शास्त्रावरील त्यांचे आक्षेप जगापुढे आले. म्हणूनच मुलाने मान फिरविली, हात झिडकारला, तर त्यास केवळ अडथळा न मानता ते त्याचे सांगणे समजावे, लिहावे व पर्यवेक्षकास कळवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. रडण्यास मिळणारे फळ बंद केले की रडे प्रथम बरेचदा वाढते. त्या घटकेस घाबरून एकदा जरी हार मानली, तरी मूल अधिक मोठ्याने रडावयास शिकते. हात धरून दिलेला आधारही वेळीच सैल करीत न्यावा, नाहीतर मूल त्या हाताचीच वाट पाहत राहते.

तो मुलगा रुग्णालयातून घरी गेला तोवर दिवसाकाठी सुमारे 12 तास चष्मा वापरीत होता. सहा महिन्यांनी त्याच्या आईने कळविले की चष्मा अजून डोळ्यांवर आहे, आकांडतांडव थांबले आहे, झोप सुरळीत लागते, आणि मुलाचे बोलणे वाढत चालले आहे.